पक्षाघाताची आत्ययिक अवस्था : पहिले साडेचार तास आणि पुढील चार महिने

पक्षाघात हा व्याधी आयुर्वेदीय चिकित्सकास नवा नाही. 'अंगावरून वारे गेले' असे सांगत रुग्णाला दोन्ही बाजूंनी धरून आणणारे नातेवाईक ज्याने पाहिले नाहीत, असा वैद्य पुणे शहरात तरी सापडणार नाही. मात्र आपल्याकडे येणाऱ्या बहुसंख्य रुग्णांचा व्याधी पंधरा दिवस, महिना, क्वचित वर्षभर जुना झालेला असतो. त्यामुळे पक्षाघात म्हणजे सावकाश, चिकाटीने, तैल व बस्तीच्या आधारे हाताळावयाचा व्याधी अशी आपल्या विचाराला सवय लागली आहे. ही सवय जीर्ण अवस्थेत उपयोगाची असली तरी व्याधीच्या पहिल्या काही तासांत ती रुग्णाचे अपरिमित नुकसान करू शकते. प्रस्तुत लेखात आम्ही या पहिल्या काही तासांचा, म्हणजे रक्तवाहिनीतील अवरोधामुळे होणाऱ्या पक्षाघाताच्या आत्ययिक अवस्थेचा, आणि त्यानंतर आपल्या चिकित्सेला जेथे खरा वाव आहे त्या काळाचा विचार करणार आहोत.

हा विषय न्यूरॉलॉजिस्टचा, आपला त्याच्याशी काय संबंध, असा प्रश्न काही वैद्यबंधू विचारतील. संबंध फार निकटचा आहे. पेठांमधून आणि उपनगरांतील वसाहतींमधून पहाटे सहा वाजता ज्या डॉक्टरांचे दार ठोठावले जाते, त्यांत बी.ए.एम.एस. पदवीधरांची संख्या मोठी आहे. महाराष्ट्रात २०१४ साली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा ९३७ गाड्यांसह सुरू झाली. त्या गाड्यांवर काम करणाऱ्या डॉक्टरांतही आपल्या पदवीधरांचा भरणा आहे. म्हणजे झटका आल्यानंतर रुग्णाला प्रथम पाहणारा डॉक्टर पुष्कळ वेळा आपल्यापैकीच कोणी तरी असतो. त्याने त्या दहा मिनिटांत काय केले आणि काय केले नाही, यावर रुग्ण पुढे स्वतःच्या पायाने चालणार की अंथरुणास खिळणार, हे अनेकदा ठरते.

व्याधीची व्याप्ती लक्षात यावी म्हणून आपल्याच राज्यातील दोन पाहण्यांचा उल्लेख करतो. मुंबईत डॉ. पी. एम. दलाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५-०६ मध्ये लोकसंख्येवर आधारित नोंदणी केली. त्यात प्रथमच पक्षाघात झालेल्या रुग्णांपैकी सुमारे ८० टक्क्यांना अवरोधजन्य पक्षाघात होता आणि २९.८ टक्के रुग्ण २८ दिवसांच्या आत दगावले. दुसरी पाहणी गडचिरोलीची. 'सर्च' संस्थेतील डॉ. योगेश कालकोंडे व सहकाऱ्यांनी २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांतील मृत्यूंची कारणे तपासली, तेव्हा १४.३ टक्के मृत्यू पक्षाघाताने झाल्याचे आढळले आणि मृत्यूच्या कारणांत तेच पहिल्या क्रमांकाचे ठरले. हा श्रीमंतांचा, शहरी, बैठ्या लोकांचा आजार आहे ही समजूत यानंतर तरी टिकू नये.

संप्राप्तीविषयी थोडेसे

चरकाचार्यांनी वातव्याधींची दोन मूळ कारणे मानली आहेत : धातुक्षय आणि मार्गावरोध. आधुनिक शास्त्राने केलेले पक्षाघाताचे दोन मुख्य भेद म्हणजे रक्तवाहिनी गुठळीने बंद होणे आणि रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव होणे. पहिल्या भेदास मार्गावरोधाशी जोडण्याचा मोह कोणासही होईल आणि विवेचनासाठी तसे करण्यास आमची हरकत नाही. हरकत आहे ती या साम्याच्या आधारावर रुग्णाच्या उशाशी बसून निदान ठरविण्यास. अवरोध आहे की रक्तस्राव, हे नाडीपरीक्षेने, रक्तदाबाने, लक्षणांच्या तीव्रतेने किंवा डोकेदुखीच्या इतिहासाने खात्रीपूर्वक सांगता येत नाही. मोठा अनुभव असलेल्या न्यूरॉलॉजिस्टलाही येत नाही. ते केवळ सी.टी. स्कॅन किंवा एम.आर.आय. सांगते. आणि दोहोंची चिकित्सा एकमेकींच्या विरुद्ध दिशेची आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे स्कॅनपूर्वी कोणतेही औषध देण्याची घाई का करू नये, हे वेगळे सांगावे लागत नाही.

अवरोध झाल्यावर मेंदूत काय घडते? एखाद्या शेताचा पाट वरच्या बाजूस बुजला तर पाटालगतचे पीक प्रथम वाळते. परंतु शेजारच्या चरांतून थोडे पाझरणारे पाणी बाकीच्या शेताला काही काळ जगवते. तसेच येथे होते. अवरोधाच्या केंद्रस्थानी असलेल्या पेशी काही मिनिटांत मरतात. त्यांच्याभोवतीचा भाग मात्र निष्क्रिय झाला तरी मेलेला नसतो; आजूबाजूच्या वाहिन्यांतून येणाऱ्या अल्प रक्तावर तो काही तास तग धरतो. रुग्णाचा हात या क्षणी उचलला जात नाही याचा अर्थ हाताचे केंद्र नष्ट झाले असा नव्हे. ते पाण्याची वाट पाहत असते. या भागास वाचविणे हेच आत्ययिक चिकित्सेचे संपूर्ण प्रयोजन होय. २००६ साली डॉ. जेफ्री सेव्हर यांनी केलेल्या गणनेनुसार मोठ्या वाहिनीच्या अवरोधात चिकित्सा न झाल्यास दर मिनिटास सरासरी १९ लाख चेतापेशी नष्ट होतात. चहा होईपर्यंत थांबण्याचीही ही वेळ नव्हे.

ओळख : विशेषतः अर्दिताचा घोटाळा

चेहरा एका बाजूस वाकडा होणे, दोन्ही हात समोर उचलले असता एक खाली घसरणे, बोलणे बोबडे किंवा असंबद्ध होणे ही तीन चिन्हे एव्हाना सर्वांना ठाऊक आहेत. त्यांत एकाएकी तोल जाणे आणि एकाएकी दृष्टी जाणे किंवा एकाचे दोन दिसणे या दोहोंची भर घालावी. कारण मेंदूच्या मागील भागातील अवरोधात हात-पाय सशक्त राहू शकतात आणि 'पित्ताने चक्कर आली' असे म्हणून रुग्ण घरी पाठविला जातो. या सर्व लक्षणांत 'एकाएकी' हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे.

वैद्यवर्गाच्या दृष्टीने खरी निसरडी जागा अर्दिताची आहे. तोंड वाकडे झालेला रुग्ण आला की अर्दित असे निदान करून नस्य व स्थानिक स्नेहन-स्वेदन सुरू करण्याची प्रथा आहे, आणि केवळ चेहऱ्याच्या चेतातंतूचा विकार असेल तर तीत विशेष धोका नाही. परंतु रुग्णास आधी कपाळावर आठ्या घालावयास सांगावे. चेहऱ्याच्या चेतातंतूच्या विकारात त्या बाजूच्या कपाळावर आठ्या पडत नाहीत आणि डोळा पूर्ण मिटत नाही. कपाळ दोन्ही बाजूंस सारखे हलते आहे, डोळा मिटतो आहे आणि केवळ ओठाचा कोपरा ओघळला आहे, असे असेल तर दोष मेंदूत आहे असे समजून चालावे. क्वचित मेंदूच्या देठातील अवरोधात कपाळही लुळे पडते. म्हणून हात, पाय, वाणी, गिळणे आणि चालणे तपासल्याखेरीज अर्दिताचे निदान कागदावर लिहू नये. या तपासणीस तीन मिनिटे लागतात.

ग्लुकोमीटरने रक्तातील साखर त्याच वेळी पाहावी. मधुमेहाच्या रुग्णात साखर फार उतरली असता हुबेहूब पक्षाघातासारखी लक्षणे दिसतात आणि शिरेतून ग्लुकोज दिल्यावर ती काही मिनिटांत नाहीशी होतात.

लक्षणे आली आणि दहा मिनिटांत आपोआप गेली, असे सांगणारा रुग्ण आला तर आनंद मानू नये. हा पूर्वरूपासारखा प्रकार आहे आणि पुढील दोन दिवस सर्वांत धोक्याचे असतात. ऑक्सफर्ड येथील २००७ च्या अभ्यासात अशा व सौम्य पक्षाघाताच्या रुग्णांची तपासणी व चिकित्सा तातडीने केली, तेव्हा ९० दिवसांतील पुन्हा पक्षाघात होण्याचे प्रमाण १०.३ टक्क्यांवरून २.१ टक्क्यांवर आले. 'आता बरे वाटते ना, मग सोमवारी बघू' हे वाक्य आपल्या तोंडी येता कामा नये.

वेळेचा हिशेब आणि आधुनिक चिकित्सेचे फलित

रुग्णालयात विचारला जाणारा पहिला प्रश्न 'केव्हा झाले?' हा असतो आणि त्याचे उत्तर बहुधा चुकीचे मिळते. सकाळी सहा वाजता उठताना डावे अंग लुळे आढळले, तर नातेवाईक 'सहा वाजता झाले' असे सांगतात. वस्तुतः रुग्ण रात्री अकरा वाजता धडधाकट झोपला होता. मग घड्याळ अकरापासून धरावयाचे. रुग्ण शेवटचा ठीक केव्हा दिसला, हीच वेळ खरी. ती नातेवाइकांना विचारून, घड्याळाच्या आकड्यात, आपल्या चिठ्ठीच्या पहिल्या ओळीत लिहावी. झोपेतून उठताना लक्षणे आढळलेल्या रुग्णांतही विशिष्ट एम.आर.आय. तपासणीच्या आधारे चिकित्सेस योग्य रुग्ण निवडता येतात, हे २०१८ च्या अभ्यासाने दाखविले आहे; म्हणून 'वेळ गेली' असा निर्णय आपण दवाखान्यात बसून करू नये.

गुठळी विरघळविणारे अल्टेप्लेज हे औषध १९९५ च्या अमेरिकी अभ्यासाने पुढे आले. त्या अभ्यासात ६२४ रुग्ण होते आणि औषध तीन तासांच्या आत शिरेतून दिले गेले. तीन महिन्यांनी जवळजवळ निर्व्यंग झालेल्या रुग्णांचे प्रमाण, अभ्यासाच्या दुसऱ्या भागात, औषध घेतलेल्यांत ३९ टक्के आणि न घेतलेल्यांत २६ टक्के होते. याची किंमतही होती : मेंदूत लक्षणे निर्माण करणारा रक्तस्राव ६.४ टक्क्यांना झाला. इतरांत तो ०.६ टक्का होता. असे असूनही एकूण मृत्यू वाढले नाहीत. पुढे २००८ मध्ये युरोपीय अभ्यासाने ही मर्यादा साडेचार तासांपर्यंत नेली. तेथे चांगले फलित ५२.४ विरुद्ध ४५.२ टक्के असे मिळाले. दोन अभ्यासांतील रुग्ण सारखे नसल्याने आकड्यांची थेट तुलना करू नये, तथापि उशीर होत गेला की लाभ आटत जातो, ही गोष्ट नंतरच्या सर्व संकलनांतही दिसून आली आहे. साडेचार तास ही मुदत आहे म्हणून चार तासांनी पोहोचले तरी चालेल, असा अर्थ कोणी काढू नये.

टेनेक्टेप्लेज हे याच जातीचे नंतरचे औषध एकाच मात्रेत शिरेतून देता येते. अल्टेप्लेजप्रमाणे तासभर ठिबकत ठेवावे लागत नाही. ते आपल्या देशात पुण्यातीलच जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्स ही कंपनी बनविते, ही पुणेकर वाचकांसाठी जाता जाता नोंद.

खरा पालट २०१५ साली झाला. मांडीच्या धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन मोठ्या वाहिनीतील गुठळी प्रत्यक्ष ओढून काढण्याच्या पाच अभ्यासांचे निष्कर्ष त्या सुमारास प्रसिद्ध झाले. त्यांतील १,२८७ रुग्णांच्या एकत्रित विश्लेषणात, ९० दिवसांनी स्वावलंबी असलेल्यांचे प्रमाण ही शस्त्रक्रिया झालेल्यांत ४६ टक्के, तर केवळ औषधोपचार झालेल्यांत २६.५ टक्के आढळले. २०१८ च्या दोन अभ्यासांनंतर निवडक रुग्णांत ही चिकित्सा २४ तासांपर्यंत करता येते. मेंदूला अतिशय सूज आलेल्या साठ वर्षांखालील रुग्णांत ४८ तासांच्या आत कवटीचा भाग काढून दाब कमी केल्यास जगण्याचे प्रमाण २९ टक्क्यांवरून ७८ टक्क्यांवर जाते, असे २००७ च्या संकलनात दिसले. मात्र वाचलेल्यांपैकी अनेकांना अपंगत्व राहते आणि नातेवाइकांना ते आधी सांगणे आवश्यक असते.

या सर्व चिकित्सा खर्चिक आहेत, हे आम्ही जाणतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ मिळेल किंवा कसे, हे रुग्णालयातील आरोग्यमित्रास विचारण्यास नातेवाइकांना सांगावे. परंतु खर्चाच्या भीतीपोटी रुग्ण घरी ठेवण्याचा सल्ला देणे हा हिशेबही खोटा ठरतो. घरातील एक कर्ता माणूस अंथरुणावर आणि दुसरा त्याच्या उशाशी, याचा वर्षाचा खर्च कोणी मांडून पाहावा.

आपल्या दवाखान्यात काय करावे, काय टाळावे

रुग्णास कुशीवर निजवावे, श्वासमार्ग मोकळा ठेवावा, साखर पाहावी, वेळ लिहावी, चालू औषधांची यादी (विशेषतः रक्त पातळ करणारी) सोबत द्यावी आणि गाडी बोलवावी. ज्या रुग्णालयात पाठवावयाचे तेथे दूरध्वनी करून रुग्ण येत असल्याचे कळवावे. एवढीच आत्ययिक चिकित्सा आणि ती पूर्ण चिकित्सा आहे. आपल्या भागातील कोणत्या रुग्णालयात रात्री दोन वाजताही सी.टी. स्कॅन होते व गुठळी विरघळविणारे औषध मिळते, याची चौकशी आजच, शांत डोक्याने करून ठेवावी. पुण्यात ही सोय दुर्मीळ नाही. रास्ता पेठेत तर टिळक आयुर्वेद महाविद्यालय, शेठ ताराचंद रामनाथ रुग्णालय आणि के.ई.एम. रुग्णालय एकाच पेठेत आहेत. दोन शास्त्रांमधील अंतर काही मिनिटांच्या चालीचे असताना रुग्णाचे तास वाया जावेत, हे शोभणारे नाही.

आता टाळावयाच्या गोष्टी. पहिली व सर्वांत महत्त्वाची : मुखाने काहीही देऊ नये. बृहत् वातचिंतामणी मधातून चाटविणे, एकांगवीर रस पाण्यातून देणे, नातेवाइकांनी कौतुकाने चमच्याने चहा पाजणे, या सर्वांचा परिणाम एकच होऊ शकतो. गिळण्याची क्रिया बिघडलेली असल्याने ते द्रव्य श्वासमार्गात उतरते आणि चौथ्या दिवशी रुग्ण फुप्फुसाच्या संसर्गाने गंभीर होतो. औषध कितीही मौल्यवान असो, ते फुप्फुसात गेल्यास सुवर्णाचाही उपयोग नाही. याच कारणास्तव नस्य देऊ नये.

दुसरी गोष्ट ॲस्पिरिनची. हृदयविकाराच्या झटक्यात ॲस्पिरिन चघळावयास देतात हे पाहून येथेही ते दिले जाते. १९९७ च्या दोन प्रचंड अभ्यासांत, मिळून सुमारे ४० हजार रुग्णांत, ॲस्पिरिनमुळे दर हजारी सुमारे ९ जणांचा मृत्यू किंवा पुनरावृत्ती टळली. लाभ आहे, पण तो बेताचा आहे आणि रक्तस्राव नाही हे स्कॅनने ठरल्यावरचा आहे. दवाखान्यात देऊ नये.

तिसरी गोष्ट रक्तदाबाची. झटक्यानंतर रक्तदाब २०० पर्यंत चढलेला आढळतो आणि पाहणारा घाबरतो. मेंदूतील तहानलेल्या भागाला रक्त पोहोचविण्यासाठी शरीराने चढविलेला हा दाब असतो. जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडून तो झपाट्याने उतरविला, तर जो भाग वाचला असता तोही जातो. गुठळी विरघळविण्याचे औषध द्यावयाचे असल्यास रुग्णालय दाब १८५/११० च्या खाली आणते. अन्यथा पहिल्या दिवशी २२०/१२० पर्यंतचा दाब सहसा तसाच राहू दिला जातो. हा निर्णय तेथील आहे, आपला नाही.

चौथी गोष्ट पंचकर्माची. पक्षाघातात स्वेदन व विरेचन सांगितले आहे, मग ते लगेच का करू नये, असा प्रश्न आम्हांस चर्चासत्रांतून विचारला गेला आहे. उत्तर सुश्रुतसंहितेतच आहे. चिकित्सास्थानाच्या पाचव्या अध्यायात सुश्रुताचार्यांनी चिकित्सेस योग्य रुग्णाची लक्षणे आधी सांगितली आहेत : ज्याचे गात्र म्लान झालेले नाही, ज्यास वेदना जाणवते, ज्याचे मन स्थिर आहे आणि ज्याच्याजवळ साधने आहेत असा रुग्ण. ज्यास धड शुद्ध नाही, जो गिळू शकत नाही, ज्याच्या मेंदूची सूज तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाढण्याची शक्यता आहे, तो या वर्णनात बसत नाही. विरेचनाने शरीरातील द्रव घटून रक्त अधिक दाट होते, हा आणखी एक धोका. त्वरेने हालचाल सुरू करण्याच्या उत्साहालाही मर्यादा आहे : २,१०४ रुग्णांच्या २०१५ च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात पहिल्या २४ तासांत जोरकस व वारंवार हालचाल करविलेल्या रुग्णांचे फलित उलट कमी चांगले आले.

पुढील तीन-चार महिने

त्याच अध्यायात मृदू शोधन, अनुवासन व आस्थापन, मस्तिष्क्य शिरोबस्ती, अणुतैलाचा अभ्यंग, साल्वण उपनाह आणि बलातैलाचे अनुवासन असा क्रम देऊन तो आळस न करता तीन किंवा चार महिने चालवावा असे सांगितले आहे. पक्षाघातानंतर मेंदूची पुनर्रचना पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक वेगाने होते, हे आज सर्वमान्य आहे. आचार्यांनी हा अवधी रुग्णांच्या निरीक्षणावरूनच ठरविला असावा असे आम्हांस वाटते. हाच आपला काळ होय. रुग्ण रुग्णालयातून घरी आला, गिळणे तपासून झाले, रक्तदाब स्थिर झाला, की न्यूरॉलॉजिस्टची औषधे व फिजिओथेरपी चालू ठेवून आपण काम सुरू करावे.

करताना काही खाचखळगे ध्यानी ठेवावेत. लुळ्या बाजूची स्पर्शसंवेदना अनेकदा गेलेली असते. नाडीस्वेद किंवा पिंडस्वेद आपल्या हातास सोसतो तेवढाच उष्ण आहे याची खात्री परिचारकाने दर वेळी करावी, अन्यथा फोड आलेला रुग्णास कळतही नाही. लुळ्या हाताचा खांदा सांध्यातून किंचित निसटलेला असतो. अभ्यंग करणाऱ्याने हात ओढून उचलला तर खांद्याचे कायमचे दुखणे जडते. लुळ्या पायाची पोटरी सुजली, दुखली वा तापली असेल तर त्या पायास अभ्यंग वर्ज्य समजावा. तेथे गुठळी असू शकते आणि मर्दनाने ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. असा पाय दिसल्यास त्याच दिवशी डॉपलर तपासणीस पाठवावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्या रुग्णात लसूण व गुग्गुळाचे कल्प मोठ्या मात्रेत देताना हिरड्यांतून, मूत्रातून रक्त जाते का, हे विचारत राहावे. वॉरफेरिन चालू असल्यास त्याची रक्ततपासणी करविल्याविना नवे कल्प सुरू करू नयेत.

फलिताच्या मोजमापाबद्दल आमचे मत काही वाचकांस कडू वाटेल. 'महिन्याच्या बस्तीनंतर रुग्ण चालू लागला' अशा धर्तीचे रुग्णानुभव आपल्या नियतकालिकांतून आणि परिषदांतून वर्षानुवर्षे वाचले जातात. परंतु पहिल्या तीन महिन्यांत कित्येक रुग्ण कोणत्याही विशेष उपचाराविना पुष्कळ सुधारतात. ज्या काळात नैसर्गिक सुधारणा सर्वाधिक, नेमक्या त्याच काळात आपण उपचार करतो. मग श्रेय कोणाचे, हे तुलनेशिवाय कसे कळणार? अशी तुलना भारतात झालेली आहे. अवरोधजन्य पक्षाघाताच्या १४० रुग्णांत आयुर्वेदीय उपचार व नित्याची फिजिओथेरपी यांची तुलना करणाऱ्या 'रिस्टोअर' या बहुकेंद्री अभ्यासात आयुर्वेदीय उपचार फिजिओथेरपीहून श्रेष्ठ ठरले नाहीत. यावर दोन्ही बाजूंनी घाईचे निष्कर्ष काढले जातात. श्रेष्ठ न ठरणे म्हणजे निरुपयोगी ठरणे नव्हे, आणि फिजिओथेरपीच्या जोडीने दिलेल्या आपल्या चिकित्सेचे काय, हा प्रश्न त्यातून सुटलेला नाही. पण 'आयुर्वेदात पक्षाघातावर हमखास उपाय आहे' ही जाहिरातीची भाषा मात्र यापुढे आपण वापरू नये. कुतूहलाची गोष्ट अशी की, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या १,२५० भारतीय रुग्णांच्या अभ्यासात नातेवाइकांना शिकवून घरी करविलेल्या व्यायामाचाही विशेष लाभ दिसला नाही. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत ४७ टक्के रुग्ण मृत वा परावलंबी होते. हा व्याधी कोणत्याच शास्त्राला सहज वश होत नाही.

निदान नोंदी तरी नीट ठेवाव्यात. रँकिन मापनश्रेणी वापरण्यास अत्यंत सोपी आहे : शून्य म्हणजे कोणतेही लक्षण नाही, दोन म्हणजे किंचित व्यंग असूनही स्वतःची कामे स्वतः करणारा, चार म्हणजे आधाराविना चालू न शकणारा, पाच म्हणजे पूर्ण अंथरुणावर, सहा म्हणजे मृत्यू. पहिल्या भेटीस, तीन महिन्यांनी व सहा महिन्यांनी हा एक आकडा लिहावा, आणि सोडून गेलेल्या रुग्णांचाही दूरध्वनी करून लिहावा. ज्यांना गुण आला तेवढेच रुग्ण परत येतात; केवळ त्यांच्या नोंदींवरून काढलेले प्रमाण फसवे असते.

औषधालय चालविणाऱ्या वाचकांसाठी

पक्षाघाताच्या पहिल्या तासात नातेवाईक थेट औषधालयाच्या काउंटरवर येऊन 'अर्धांगवायूवर काही तरी द्या' असे म्हणतात, हा अनुभव अनेक औषधविक्रेत्यांनी आम्हांस सांगितला आहे. त्या वेळी 'रुग्णाला केव्हापासून त्रास आहे?' हा एक प्रश्न विचारावा. उत्तर 'आज' किंवा 'काल' असे असेल तर महानारायण तेलाची बाटलीही विकू नये. १०८ क्रमांक लावून द्यावा. तेल विकत घेतले की उपचार सुरू झाल्याचे समाधान घरास मिळते आणि मौल्यवान तास मालिश करण्यात जातात.

दुसरा प्रसंग महिन्या-दोन महिन्यांनंतरचा. आयुर्वेदीय औषध सुरू केले, आता 'इंग्रजी गोळ्या' बंद करू का, असे ग्राहक विचारतो; पुष्कळदा तर न विचारताच बंद केलेल्या असतात. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, रक्तदाबाची गोळी, स्टॅटिन आणि हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी दिलेले रक्त पातळ करणारे औषध ही चार औषधे ज्याने लिहून दिली त्याला विचारल्याविना थांबवू नयेत, असे ग्राहकास स्पष्ट सांगावे. शक्य असल्यास दशमूलारिष्टाच्या किंवा गुग्गुळाच्या पुड्यावरच 'चालू औषधे बंद करू नयेत' असा मराठी शिक्का मारावा. नातेवाईक सांगितलेले विसरतात, पुडा मात्र दिवसातून दोनदा हातात घेतात.